तिसरं झाकण

माझ्या बहिणीला लातूरला नेलं ते भाकरी करायला. हे वाक्य मी पाच-सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी ते थोडं जास्त समंजस, थोडं जास्त सभ्य होत गेलं, म्हणून सगळं खोडलं आणि पहिलंच ठेवलं. आमच्या भागात तेव्हा ती रीतच पडली होती. मुलगा दहावीला बरे मार्क घेऊन पास झाला की त्याला लातूरला क्लासला घालायचं, क्लासच्या आसपास एक खोली बघायची, आणि त्याच्या जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून घरातली एक बाई त्याच्यासोबत धाडायची. कुणाची आई यायची, कुणाची आत्या, कुणाची विधवा चुलती. आमची आई जळकोटचं घर सोडून कुठं जायला तयार नव्हती. त्याचं कारण पुढे येईल. मग राहिली सुरेखाताई. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उदगीरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नुकतीच लागलेली. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एका सोमवारी जाऊन तिचं नाव काढून आणलं. अण्णा जळकोटच्या शाळेत मास्तर होते. मुलींनी शिकलं पाहिजे, या विषयावर पालकसभेत ते फार तळमळीनं बोलत, आणि ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी येई.

आमची खोली बिरादार सरांच्या घराच्या गच्चीवर होती. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्यापुढे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या पलीकडं स्वयंपाकघर, अलीकडं माझी अभ्यासिका. दोन्हींत मिळून एक खाट आणि एक लोखंडी खुर्ची. पाणी आलं की सगळी गल्ली बादल्या घेऊन धावायची, आणि न आलेल्या दिवशी सगळी गल्ली पाण्याविषयी बोलायची. वारा बाजाराकडून वाहत असला की डाळ मिलचं पीठ पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, उघड्या पुस्तकांवर बसायचं. बोटानं पुसलं तर तुरीचा वास यायचा. पण त्या गल्लीचा खरा आवाज पाठांतराचा. पहाटे उठून प्रत्येक खोलीतला मुलगा मोठ्यानं व्याख्या म्हणायला लागायचा. एका खोलीत किडनी, दुसऱ्या खोलीत गुरुत्वाकर्षण, तिसऱ्या खोलीत बेडकाचं हृदय. ताई पडद्याआडून कणकेचे हात पुसत म्हणायची, "ऐकलास का विन्या, बेडूक सुरू झाला."

सर फिजिक्स शिकवायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या क्लासचा मोठा फलक होता आणि त्यावर डॉक्टरकीला लागलेल्या मुलांचे फोटो. नीट बघितलं तर लक्षात यायचं की सगळ्या फोटोंत कोट एकच आहे. तो स्टुडिओवाल्याचा होता; बारीक मुलाला मागून चिमटा लावायचा आणि जाड्या मुलाची बटणं उघडी ठेवून पुढं फाईल धरायला द्यायचा. त्या कोटासाठी चार जिल्ह्यांतली मुलं तिथं येऊन दोन-दोन वर्षं वेड्यासारखी जागत होती, आणि त्यांत मीही होतो. समजून घेण्याला तिथं वेळ नव्हता. सर म्हणायचे, "का हे विचारायचं नाही. किती वेळा आलं ते विचारायचं." एखादा प्रश्न पूर्वी परीक्षेत आलेला असला की त्याच्यापुढे लाल पेनानं 'आयएमपी' लिहायचं, दोनदा आलेला असला तर 'व्हेरी आयएमपी', आणि तो दहा वेळा वहीत उतरवायचा. मी फार चांगला उतरवायचो. माझ्या वह्या सर दुसऱ्या बॅचला दाखवायला न्यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्या अभिमानातूनच झालं.

आईचं कारण सांगायचं राहिलं. भूकंप झाला तेव्हा मी फार लहान होतो. आमचं जळकोटचं घर पडलं नाही, देवघराच्या भिंतीला फक्त वरपासून खालपर्यंत चीर गेली. पण आईचं माहेर तिकडं, जिथं गावंच्या गावं दगडामातीखाली गेली, त्या बाजूला होतं. ती चार दिवसांनी तिकडून परत आली, आणि त्यानंतर छताखाली झोपली नाही. सुरुवातीला सगळेच बाहेर झोपत होते. सगळं जळकोट रस्त्यावर, शाळेच्या मैदानात, ताडपत्रीखाली. आमच्या अंगणात चार खाटा होत्या. मला तो काळ सणासारखा आठवतो. शेजारच्या खाटांवरून गप्पा, कुणीतरी आणलेल्या सुशीलाच्या, म्हणजे भिजवून परतलेल्या मुरमुऱ्यांच्या पराती, त्यांना ओली हळद लागलेली. मग दिवाळी जवळ आली तशी थंडी पडली. एके संध्याकाळी अण्णा म्हणाले, "बास झालं हे," आणि त्यांनी खाटा आत नेल्या. आई आली नाही. तिची खाट उघड्या ओट्यावर आली आणि तिथंच राहिली. तिला एकटीला भीती वाटेल म्हणून ताई तिच्याजवळ झोपायला लागली. मी आत, अण्णांजवळ. चोराचिलटांच्या भीतीनं अण्णा दाराला आतून कडी घालायचे. मी लातूरला गेलो तोवर हे असंच चालू होतं आणि आमच्यापैकी कुणाला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

सरांच्या खाली बैठकीत एक कॉम्प्युटर होता. त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा तो मागं ठेवून गेला होता. त्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, विणलेलं जाळीचं कापड असायचं आणि कापडावर एक पितळी मोर. सरांना तो चालू करता येत नव्हता, पण त्यांना आपल्या टेस्टचे पेपर छापील हवे होते. ताईला टायपिंग येत होतं. जळकोटला सुट्टीत तिनं परीक्षा दिली होती. तेव्हा असं ठरलं की दुपारी, मी क्लासला गेलो की तिनं खाली बसून सरांचे पेपर टाईप करून द्यायचे. सरांना वाटायचं, हे शिवणकामासारखंच आहे. बाईमाणसानं बसल्या जागी करायचं. ती टाईप करता करता प्रश्न सोडवत होती, हे त्यांना कधी समजलं नाही. मला समजलं, कारण एका रविवारी मी सहाव्या प्रश्नावर अडून बसलो होतो आणि ती मोहरी तडतडत असताना म्हणाली, "तिसरा पर्याय. आन् सरांनी चौथा दिलाय उत्तरात, ते चुकलंय."

त्या कॉम्प्युटरवर तिला तो खेळ सापडला. सरांच्या मुलानं टाकलेला, परदेशी. थंड मुलखात एक गाव वसवायचं; लोकांकडून लाकडं तोडून घ्यायची, पेरणी करायची, घरं बांधायची. मधूनच आग लागायची, पूर यायचा, भूकंप व्हायचा. ताईला खेळण्यात फारसा रस नव्हता. पण पहिला भूकंप झाला तेव्हा तिनं मला मुद्दाम खाली बोलावून दाखवला. कॉम्प्युटरचा पडदा थरथरला, चार घरांचे ढिगारे झाले, आणि दुसऱ्याच मिनिटाला लोक कुऱ्हाडी उचलून कामाला लागले. दिवस मावळला की उरलेल्या घरांत शिरून झोपले.

"ही काय माणसं हायत का रे?" ताई म्हणाली. "सकाळी भूकंप झालाय आन् हे घरात जाऊन घोरायलेत. बनवणाऱ्यानं भूकंप कधी बघितलाच नाही."

मी म्हणालो, "खेळ आहे तो."

"मग खोटा खेळ आहे."

त्या दिवसापासून तिनं तो खेळ दुरुस्त करायला घेतला. मी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला आहे, तेव्हा अधिकारानं सांगतो: कुणीही न शिकवता, एका दुपारच्या भारनियमनापासून दुसऱ्या दुपारच्या भारनियमनापर्यंत, जाळीच्या कापडाची घडी मांडीवर ठेवून ती जे शिकली ते माझ्या कुठल्याही वर्गात कुणी शिकलेलं नाही. तिनं आधी खेळाच्या फोल्डरात हात घातला. तिथं काही फायली साध्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडत होत्या आणि त्यांत इंग्रजीसारखं काहीतरी लिहिलेलं होतं. खेळातल्या लोकांनी कधी काय करायचं, त्याच्या त्या सूचना. विरजणापुरतं दही बाजूला काढून ठेवावं तशी तिनं प्रत्येक फाईलची एक प्रत आधी वेगळी ठेवली आणि मग एकच आकडा बदलला. एका माणसाला दिवसाला लागणारी भाकर: दोनच्या जागी वीस. दुपारी साडेतीनपर्यंत सगळं गाव उपाशी मेलं. ती इतकी हसली की काकू झोपेतून उठून आल्या. मग पुन्हा दोन. मग लाकडाचा आकडा. मग थंडीचा. रोज एकच बदलायचा, काय होतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं.

पुढं अडलं. नुसते आकडे बदलून लोक बाहेर झोपणार नव्हते. त्यासाठी नवी सूचना लिहायला हवी होती आणि ती त्या फायलींच्या भाषेतच लिहायला हवी होती. मुलींनी सायबर कॅफेत जाणं बरं दिसायचं नाही, म्हणून तिनं मला पाठवलं. अशा खेळांत बदल करणाऱ्या लोकांनी नवशिक्यांसाठी लिहिलेले चाळीस-एक कागद मी छापून आणले. ते तिनं डिक्शनरी घेऊन वाचले, आणि मी माझ्या पद्धतीनं वहीत उतरवायला घेतले. मला काही समजत नव्हतं. पण समजण्याची गरज असते असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "बस, तू टाईप कर." मी कागदावरचं जसंच्या तसं टाईप केलं. डाव्या समासातले ओळींचे क्रमांकसुद्धा. आणि महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन ओळींच्या आधी सवयीनं 'व्हेरी आयएमपी' लिहिलं. खेळ सुरूच झाला नाही. ताईनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"विन्या, ह्याला काय परीक्षेत विचारणार हायत का हे?"

"महत्त्वाचं आहे ना ते."

"मग ते त्याला कळायला पाहिजे. त्याला घाबरवून काय फायदा?"

ती शिकवायची तेव्हा तिच्या हाताशी जे असेल त्यानंच शिकवायची. बरोबरचं चिन्ह एकदा लिहिलं की तो हुकूम होतो, दोनदा लिहिलं की ती विचारणा होते, हे सांगताना म्हणाली, "आपल्या घरात सगळे एकदाच लिहितात." तिची स्वतःचीही ती चूक झाली होती. खेळात प्रत्येक माणसाला एक नंबर होता; गावातला माणूस सात नंबरचा आहे का, असं विचारण्याऐवजी तिनं चुकून हुकूम दिला आणि सगळं गाव सात नंबरची बाई होऊन बसलं. चाळीस सारख्या म्हाताऱ्या विहिरीवर उभ्या. दुसरा एक अख्खा दिवस तिचा एका शब्दापायी गेला. त्या भाषेत प्रत्येक सूचना उघडली की शेवटी 'एन्ड' लिहून बंद करावी लागायची. सूचनेच्या पोटात दुसरी सूचना, तिच्या पोटात तिसरी. जितक्या उघडल्या तितके एन्ड. एक कमी पडला की सगळं बंद. तिनं कागदावर पेन्सिलीनं प्रत्येक सुरुवातीपासून तिच्या एन्डपर्यंत उभी रेघ ओढली आणि मला दाखवलं. "डबे हायत हे. जितके उघडलेस तितकी झाकणं लावायची. एक जरी उघडा राहिला तर मुंग्या." तिच्या सूचनेला तीन झाकणं लागत होती.

त्याच सुमारास आम्ही मोजत बसलो, किती रात्री बाहेर झोपलो होतो. मी म्हणालो पंधरा. ती म्हणाली, येडा आहेस, दिवाळीपर्यंत. बोटांवर मोजून तिनं चाळीस केल्या. मग खेळातले लोक भूकंपानंतर चाळीस रात्री अंगणात झोपायला लागले. घरांच्या समोर, ओळीनं, लहानलहान खाटा. मी बघितलं, आणि माझ्या अंगावर काटा आला की नाही हे मला आठवत नाही. बहुधा नाही. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची टेस्ट होती.

तिला ते कशासाठी हवं होतं हे मला माहीत होतं. इथं मला लपायला जागा नाही. सरांच्या ओळखीच्या संस्थेचं एक कॉम्प्युटरचं कॉलेज पुढच्या जूनपासून लातुरात निघणार होतं. पहिल्या बॅचला सर आपल्या शब्दावर एकाला घालू शकत होते, हे काकू भाजी निवडताना बोलून गेल्या होत्या. ताईनं मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं, "मी दिवाळीहून आले की सरांना खाली नेऊन गाव दाखवणार हाय. आन् म्हणणार, मला घाला. भाकरी करून कॉलेज करीन. तुझी बारावी झाली की तुझ्या भाकरी तरी कुठं राहिल्यात?" मी हो म्हणालो. चिमट्यांची टोपली माझ्या हातात होती.

दिवाळीला आम्ही जळकोटला गेलो. मी सोबत तिची वही नेली आणि सुट्टीभर ती सूचना पुन्हा पुन्हा माझ्या वहीत उतरवली. का, ते सांगता येत नाही. ती करत होती ते मीही करतोय असं त्यामुळं वाटायचं, एवढंच. इकडं आम्ही नसताना सरांचा मुलगा पुण्याहून आला, त्यानं खेळ लावला, आणि चाळीस रात्री बाहेर झोपणारं गाव बघून तो थक्क झाला. जाताना वडिलांना सांगून गेला की वरच्या खोलीत राहतो त्याला कॉम्प्युटरला घाला, त्याचं डोकं वेगळं आहे. 'राहतो' असंच तो म्हणाला असणार. तो आम्हांला ओळखत नव्हता.

आम्ही परतलो तेव्हा अण्णा सोबत आले होते, ज्वारीचं पोतं आणि आईनं दिलेला आमटीचा येसर मसाला घेऊन. ताई आल्या आल्या स्टोव्ह पेटवून पडद्यामागं बसली. अण्णा खाटेवर टेकले न टेकले तोच सर वर आले. लोखंडी खुर्ची त्यांना दिली. मी उभा.

"गुरुजी, आनंदाची बातमी आहे," सर म्हणाले, आणि मुलगा काय म्हणाला ते सगळं सांगितलं. "नव्या कॉलेजात एक जागा माझ्या शब्दावर आहे. ज्यानं हे केलं त्याला मी घालतो. कुणी केलं हे?"

पडद्यामागं भाकरी थापण्याचा आवाज होता. तो थोडा मंद झाला. ती उठायच्या बेतात होती असं मला आजही वाटतं. हात धुवायला तांब्या सरकल्याचा आवाज मी ऐकला. पण अण्णांनी वेळच लावला नाही.

"कुणी म्हणजे? आमच्या विनायकानंच. दुसरं कोण हाय इथं?"

सर माझ्याकडं वळले. "का रे? तू केलंस?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. त्याला एक शब्द लागतो. मी मान हलवली, आणि ती कुठल्या बाजूनं हलवली हे मला नीट माहीत होतं.

"डॉक्टरकीचं बघू, पण हातचा एक असावा," अण्णा म्हणाले. "सर, तुम्ही विचारून खात्री करून घ्या. आमच्या सांगण्यावर जाऊ नका."

सर म्हणाले, खाली चला, दाखव. पण लाईट गेलेली होती आणि चार वाजेपर्यंत येणार नव्हती. तेव्हा सर खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "बरं, तोंडीच सांग. कसं केलंस?"

आणि मी म्हणायला लागलो. हात मागं बांधून, छाती पुढं काढून, गल्लीतला बेडूक म्हणावा तसं. फंक्शन आफ्टर क्वेक. फॉर इच पर्सन. इफ पर्सन डॉट नंबर बरोबर बरोबर सात, ऑर पर्सन डॉट नंबर बरोबर बरोबर आठ, देन स्लीप आउटसाइड. एल्स इफ नाइट्स लेस दॅन चाळीस, देन स्लीप आउटसाइड. एकही शब्द अडला नाही. एकाही शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. समोर फिजिक्सचे सर ठेक्यात मान डोलवत होते आणि त्यांनाही माहीत नव्हता. अण्णांचे डोळे भरून आले होते. त्या खोलीत त्या दुपारी अर्थ माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि ते लुगड्याच्या पडद्याआड भाकरी थापत होतं. थप, थप, थप. मी शेवटाला आलो. "एन्ड," म्हणालो. "एन्ड." आणि थांबलो, आणि हसलो.

थापणं बंद झालं. खोलीत नुसता स्टोव्हचा घरघराट. मग पडद्यामागून, कोरड्या आवाजात, ताई म्हणाली, "एन्ड."

सर खदखदून हसले. "बघा गुरुजी! पोरगं इतकं घोकतंय की ऐकून ऐकून हिलासुद्धा पाठ झालं!" अण्णा हसले. मीही हसलो. पडद्यामागं पुन्हा थप, थप सुरू झालं, आणि सरांनी माझ्या पाठीवर थाप मारून जागा पक्की केली.

सर आणि अण्णा गेल्यावर तिनं मला वाढलं. येसराची आमटी, गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी. ती माझ्यासमोर गुडघे जवळ घेऊन बसली. मी दोन घास खाल्ले आणि म्हणालो, "ताई, मी सांगू का सरांना?"

"काय सांगशील?"

"तूच केलंस म्हणून."

"आन् मग ते म्हणतील, ह्यानं एवढं घडाघडा म्हणलं ते काय? तुला खोटं पडावं लागंल, अण्णाला मान खाली घालावी लागंल. तेवढी तुझी छाती नाही विन्या. जेव." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सात नंबर कोण, माहीत हाय का तुला?"

"कोण?"

"आई. सगळे आत गेले तरी ती बाहेरच राहती. तू तोंडानं म्हणलास ते. कळलं नाही का?"

मी नाही म्हणालो. तिनं माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला आयुष्यभर त्याच्याशी भांडता आलं असतं. कॉपी करताना पकडलेल्या पोराकडं चांगला मास्तर बघतो तसं ती बघत होती, म्हणजे फारसं न बघता. आठ नंबर कोण, हे मी विचारलं नाही. भाकरी गरम होती.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. फलकावरचा कोट माझ्या वाट्याला आला नाही. बारावीला माझे मार्क मध्यम आले. पण हातचा एक होता. मी कॉम्प्युटरच्या कॉलेजात गेलो, तिथंही वह्या उतरवल्या, पहिल्या वर्गात पास झालो आणि नांदेडला त्याच विषयाचा प्राध्यापक झालो. इतकी वर्षं मी मुलांकडून प्रोग्रॅम वहीत दहा-दहा वेळा लिहून घेतले, आणि तो चालवल्यावर पडद्यावर काय दिसतं तेही पेन्सिलीनं चौकटीत काढून घेतलं. मशीन न लावता. माझे विद्यार्थी माझा फार आदर करतात. त्यांच्याविषयी माझं मत चांगलं नाही. ताईचं माझी बारावी झाली त्याच मे महिन्यात लग्न झालं. सासर नांदेडचंच. भावजी सरळ माणूस, ऑफिसात जाणारा, तिनं कधी तक्रार केली नाही. भाऊबीजेला ओवाळताना मात्र दरवर्षी, तबक खाली ठेवता ठेवता, ती एकच विचारायची, "झाकणं मोजतोस ना?" मी हो म्हणायचो. भावजींना वाटायचं, आमचा काही लहानपणचा विनोद असेल.

ती गेली त्याला आता तीन महिने होतील. दवाखान्यात शेवटी तिला छत नको व्हायचं. खाट खिडकीजवळ घ्या म्हणायची. तेराव्यानंतर मी घरी येऊन माझी ती बारावीची वही शोधून काढली. एका विद्यार्थ्यानं कुठून तरी तो जुना खेळ मिळवून माझ्या मशीनवर बसवून दिला. सरांना या वयात खेळ कशाला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी वहीतली सूचना टाईप केली. क्रमांक नाहीत, आयएमपी नाही. तीन झाकणं मोजून लावली. मग भूकंपाची वाट बघत बसलो. तो झाला. लोक बाहेर आले, त्यांनी खाटा टाकल्या. खेळातल्या रात्री भराभर जातात. मी त्या मोजल्या. चाळीस झाल्यावर सगळे एकेक करून आत गेले, आणि एका घरापुढं खाटा राहिल्या त्या दोन. एक सात नंबरची बाई आणि तिच्याजवळ आठ नंबर, एक लहान मुलगी. मी ते शंभरदा लिहिलं होतं, सरांपुढं उभं राहून मोठ्यानं म्हटलं होतं. त्या पोरीला तिथं रोज रात्री बाहेर ठेवणारी ओळ मला आजही तोंडपाठ आहे. आई ओट्यावर झोपायची तेव्हा तिच्या सोबतीला कोण होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी घरात होतो, उबेत, आणि अण्णांनी आतून कडी घातलेली होती.